हवापालटाची पाळी विकत घ्यावी काय?

जामनेरसारख्या तालुक्याच्या गावी मुलांना त्रैराशिक आणि सरळव्याज शिकवण्यात ज्याचे आयुष्य गेले, अशा मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या मास्तराने नभोवाणीवरून हवापालटाविषयी बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. ते वाटणे योग्यच आहे. कारण हवापालट म्हणून जी काही वस्तू आहे, ती आमच्या घराण्यात फारशी कोणी अनुभवलेली नाही. उन्हाळ्यात आमच्या खानदेशात पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो, तेव्हा आम्ही फार तर अंगणातली बाज उचलून गच्चीवर नेतो. तथापि हा विषय मी शोधीत गेलो नाही. दोन वर्षांपूर्वी वैशाखातल्या एका रात्री, दहाच्या सुमारास, तोच दूरध्वनीवरून माझ्या घरी आला.

माझा मुलगा पुण्यास एका कारखान्यात नोकरीस आहे. तो, सून आणि दोन नातवंडे असे चौघांचे त्याचे बिऱ्हाड. एकदा मोठ्या बाजारसंकुलात खरेदीस गेले असता त्यांनी एका चिठ्ठीवर नाव व दूरध्वनीचा क्रमांक लिहून ती तेथल्या पेटीत टाकली होती. पंधरा दिवसांनी निरोप आला, की आपले नाव सोडतीत निघाले आहे. पतिपत्नींनी मिळून अमुक हॉटेलात यावे आणि भेटवस्तू घेऊन जावी. दोघेही गेले. चहा झाला, समुद्रकिनाऱ्यांची व डोंगरांची चित्रे पाहून झाली, आणि तीन तासांनंतर एक करारपत्र पुढे आले. सदस्यता पंचवीस वर्षांची. दरवर्षी सात रात्री. कंपनीच्या देशभरातील विश्रामगृहांपैकी कोठेही मुक्काम. किंमत साडेसात लाख, परंतु आज सही केल्यास पाच लाख. "नाना," मुलगा मला विचारू लागला, "सूट आजच्या रात्रीपुरतीच आहे म्हणतात. पन्नास हजार आता भरायचे. बाकीचे हप्त्यांनी, नाहीतर तुम्ही ग्रॅच्युइटीतले काही दिले तर एकदम. काय करू?"

मी त्याला एवढेच म्हटले, "बाबा रे, पंचवीस वर्षे पुरणारी वस्तू विकताना हे लोक एक रात्र विचार करू देत नाहीत, एवढे कारण आज सही न करण्यास पुरेसे आहे. तू घरी जा; मुले वाट पाहत असतील." तो घरी गेला. पुढे पंधरा दिवस मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो, चारचौघांना विचारले, करारपत्राचा नमुना मागवून वाचला. त्यातून जे हाती आले ते आज आपल्यापुढे ठेवतो. कंपनी कोणती होती हे मी सांगणार नाही, कारण आपल्यापुढील प्रश्न एका कंपनीचा नाही. असा व्यवहार कोणत्या कुटुंबास मानवतो आणि कोणत्या कुटुंबास मानवत नाही, हा प्रश्न आहे.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. इंग्रजीत हिला टाइमशेअर म्हणतात. १९६३ साली स्वित्झर्लंडमध्ये हापीमाग नावाची संस्था निघाली. सभासदांनी भागभांडवल घालावे आणि संस्थेच्या घरांत आळीपाळीने सुट्टी घालवावी, अशी तिची योजना होती. पुढे १९७४ साली अमेरिकेत आर. सी. आय. ही संस्था स्थापन झाली. एका ठिकाणच्या सदस्याला आपला आठवडा दुसऱ्या ठिकाणच्या आठवड्याशी बदलून घेता यावा, हे तिचे काम. आपल्या देशात स्टर्लिंग ही कंपनी १९८६ साली आणि महिंद्रा समूहाची कंपनी १९९६ साली या व्यवसायात उतरली. आज मुंबई-पुण्याच्याच नव्हे, तर जळगाव-धुळ्याच्या सुशिक्षित कुटुंबांनाही या सदस्यतेची आमंत्रणे येतात.

नाव परदेशी असले, तरी कल्पना आपल्याकडील शेतकऱ्यास अपरिचित नाही. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी फड पद्धतीची बागायत शेकडो वर्षे चालत आली. नदीला बंधारा घालावयाचा, पाट काढावयाचा, आणि पाटकऱ्याने ठरलेल्या क्रमाने प्रत्येकाच्या शेतात पाणी सोडावयाचे. सामाईक विहिरीचेही तेच. विहिरीत चार आणे हिस्सा असेल, तर आठ दिवसांतून दोन दिवस पाणी आपले. या आपल्या वाट्याच्या वेळेला आपण पाळी म्हणतो. टाइमशेअर म्हणजे दुसरे काही नसून खोलीतल्या मुक्कामाची पाळी होय.

पाळीची कल्पना वाईट मुळीच नाही. ज्याला वर्षातून सात दिवस खोली लागते त्याने ती तीनशे पासष्ट दिवसांसाठी विकत घेऊ नये, हे शहाणपणाचेच आहे. परंतु शेतकरी पाळीच्या बाबतीत दोन गोष्टी आधी विचारतो. एक, या पाण्यावर हिस्सेदार किती आहेत? आणि दुसरी, उन्हाळ्यात पाणी आटले म्हणजे कोणाला आधी मिळणार? फडामध्ये या दोन्ही प्रश्नांची उत्तरे सगळ्या गावाला ठाऊक असत, आणि पाटकरी गावचाच माणूस असे. टाइमशेअरमध्ये पाटकरी म्हणजे स्वतः कंपनी. सदस्य किती करावयाचे आणि खोल्या किती बांधावयाच्या, हे तीच ठरवते. म्हणून विक्रेत्यास विचारावयाचा पहिला प्रश्न किमतीचा नसावा. एकूण सदस्य किती, एकूण खोल्या किती, आणि आपल्याला ज्या आठवड्यात जावयाचे आहे त्या आठवड्यात मागील वर्षी किती सदस्यांना नकार मिळाला, हे विचारावे. उत्तर लेखी मागावे. तोंडी उत्तर फार गोड असते.

आणखी एक फरक ध्यानात ठेवावा. विहिरीतला हिस्सा सातबाऱ्याच्या उताऱ्यावर नोंदवता येतो; तो वंशपरंपरा चालतो. खोलीची पाळी ही आपल्याकडे बहुधा केवळ वापराचा हक्क असते. इमारत आपली होत नाही, जमीन आपली होत नाही, आणि पंचवीस वर्षे संपली म्हणजे हातात काही उरत नाही. मध्येच विकावी म्हटले, तर घेणारा मिळणे कठीण. तेव्हा "ही मालमत्तेतील गुंतवणूक आहे" असे कोणी सांगू लागल्यास तेथेच त्याला थांबवावे.

आता मास्तरकीच्या मूळ सवयीप्रमाणे थोडे गणित मांडतो. आकडे मी सोयीसाठी धरलेले आहेत. आपण आपले घालावेत.

विक्रेत्याचे गणित असे असते. किंमत पाच लाख रुपये. पंचवीस वर्षे, दरवर्षी सात रात्री, म्हणजे एकशे पंचाहत्तर रात्री. पाच लाखांना एकशे पंचाहत्तराने भागले, की एका रात्रीस सुमारे २,८५७ रुपये पडतात. एवढ्यात चांगल्या ठिकाणी चौघांची खोली कोठे मिळते? भागाकार बिनचूक आहे. परंतु शाळेत आम्ही मुलांना सांगत असू, की उदाहरण सोडवण्यापूर्वी दिलेली माहिती सगळी उतरून घेतली काय, ते पाहावे. येथे दोन गोष्टी उतरून घ्यावयाच्या राहिल्या आहेत.

पहिली राहिली ती वार्षिक वर्गणी. सदस्य झाल्यावर दरवर्षी देखभालीची वर्गणी भरावी लागते. आपण त्या वर्षी गेलो नाही तरी ती सामान्यतः चुकत नाही. थकली तर आरक्षण मिळत नाही. तिच्यावर अठरा टक्के वस्तू व सेवा कर बसतो. करासह ही वर्गणी पहिल्या वर्षी वीस हजार धरू. ती दरवर्षी पाच टक्क्यांनी वाढत गेली, तर पंचवीस वर्षांत एकंदर साडेनऊ लाखांवर रक्कम जाते. म्हणजे मूळ किमतीच्या जवळजवळ दुप्पट रक्कम आपण पुढे हळूहळू भरणार असतो, आणि सही करताना तिचा आकडा कोणाच्या डोळ्यांपुढे नसतो.

दुसरी राहिली ती व्याजाची बाब. पाच लाख रुपये आपल्याजवळच ठेवले आणि त्यांवर सात टक्के व्याज धरले, तर वर्षाचे पस्तीस हजार होतात. हे पस्तीस हजार आणि वर्गणीचे वीस हजार मिळून पंचावन्न हजार झाले. सदस्यता न घेणाऱ्या कुटुंबाच्या हाती पहिल्याच वर्षी सुट्टीसाठी एवढी रक्कम आहे, आणि शिवाय त्याचे पाच लाख शाबूत आहेत. व्याजावर ज्यांना प्राप्तिकर बसतो त्यांनी तो वजा करावा. पंचावन्न हजारांना सात रात्रींनी भागा: एका रात्रीस ७,८५७ रुपये. कुटुंब सातांपैकी चारच रात्री गेले, तर तीच रात्र १३,७५० रुपयांस पडते. यात जेवण नाही, आगगाडीचे भाडे नाही, स्टेशनापासून विश्रामगृहापर्यंतची मोटारही नाही.

विक्रेत्याच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. नाहीतर हे गणित एकतर्फी होईल. हॉटेलांची भाडी वर्षानुवर्षे वाढत जातात आणि एकदा भरलेली सदस्यतेची किंमत वाढत नाही, हे त्याचे म्हणणे खोटे नाही. व्याज तेवढेच राहते आणि भाडे चढते. म्हणून केवळ पहिल्या वर्षावरून निकाल देऊ नये. आपल्याला जेथे व ज्या दिवसांत जावयाचे आहे, तेथील तशाच खोलीचे बाहेरच्या माणसासाठी त्या दिवसांचे भाडे काय आहे, ते आधी पाहावे. ते सात-आठ हजारांपेक्षा बरेच जास्त असेल, आणि आपण सातही रात्री खरोखर वापरणार असू, तर सदस्यता परवडू शकेल. ते कमी असेल, तर पंचवीस वर्षांचे बंधन कशासाठी?

म्हणजे सारा निर्णय एका शब्दावर येऊन ठेपतो: वापरणार असू तर. आणि येथेच बहुतेक कुटुंबे आपल्याविषयी चुकीचा अंदाज करतात. त्या वातानुकूलित दालनात बसलेले असताना प्रत्येकाला वाटते, की आपण आता दरवर्षी जाणारच. मी मुलाला सांगितले, पुढच्या पंचवीस वर्षांची कल्पना करू नकोस. मागच्या दहा वर्षांची हजेरी घे. आम्ही वही घेऊन एकेक वर्ष आठवू लागलो. २०२० व २०२१ ही दोन वर्षे साथीत गेली. एका वर्षी धाकट्या नातीचा जन्म. एका वर्षी माझ्या डोळ्यांची शस्त्रक्रिया. एका वर्षी मुलाने नोकरी बदलली, तेव्हा रजा शिल्लक नव्हती. एका वर्षी घराची डागडुजी निघाली. सगळे कुटुंब सलग सात रात्री घराबाहेर राहिले असे वर्ष एकही सापडले नाही. चार रात्री राहिले अशी वर्षे दोन, आणि त्यांतले एक इंदूरच्या लग्नाचे! हे आमचेच दैव आहे असे नव्हे. पुढे थोरला नातू दहावीस जाईल, मग बारावीस. त्याच्या मागून नात. आज आठ वर्षांचा असलेला तो मुलगा करार संपताना तेहेतीस वर्षांचा बाप्या असेल. सहलीला आजी-आजोबांबरोबर जाण्याचे वय या पंचवीस वर्षांपैकी किती वर्षे टिकते?

न वापरलेल्या रात्री पुढच्या वर्षी नेण्याची सवलत काही करारांत असते हे खरे. परंतु तिला मर्यादा असतात, आणि ज्याला सात रात्री मिळाल्या नाहीत त्याला पुढच्या वर्षी चौदा कशा मिळणार, हा प्रश्न राहतोच.

यास जोडून ऋतूंचा विचार येतो. या योजनांत वर्षाचे भाग पाडून त्यांना रंगांची नावे देण्याची पद्धत आहे; जांभळा, तांबडा, पांढरा, निळा अशी. ज्या दिवसांत सगळ्यांना जावयाचे असते, म्हणजे मे महिना, दिवाळी, नाताळ, त्या दिवसांचा रंग सर्वांत महाग. स्वस्त रंग घेतला, तर गर्दी नसते तेव्हाच मुक्काम मिळतो. शाळकरी मुले असलेल्या घरास स्वस्त रंग निरुपयोगी आहे, कारण तेव्हा शाळा भरलेली असते. महाग रंग घ्यावा, तर त्या आठवड्यासाठी सर्व महाराष्ट्रातली शाळकरी मुलांची घरे एकाच वेळी रांगेत उभी असतात. मे महिन्यात विहिरीवर जी स्थिती, तीच येथे.

मग हा व्यवहार कोणालाच मानवत नाही काय? तसे मी म्हणणार नाही. नाशिकचे माझे एक स्नेही बँकेतून निवृत्त झालेले आहेत. त्यांनी बऱ्याच वर्षांपूर्वी अशी सदस्यता घेतली. दोघेही प्रकृतीने ठणठणीत, मागे कोणी अडकवणारे नाही. ती मंडळी श्रावण-भाद्रपदात जातात; तीन-चार महिने आधी आरक्षण करतात; खोलीला जोडून ओटा असला तर सकाळचे जेवण स्वतः रांधतात. एक रात्र फुकट जाऊ देत नाहीत. ते समाधानी आहेत आणि त्यांचे समाधान खरे आहे. ज्यांना तारखांचे बंधन नाही, ज्यांना आधीपासून दरवर्षी जाण्याची सवय आहे, आणि ज्यांना ही रक्कम कर्जाशिवाय सहज बाजूस काढता येते, त्यांनी जरूर विचार करावा. सवय आधी असली पाहिजे. सदस्यतेने ती लागेल अशा भरवशावर राहू नये.

आता एका धोक्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे, कारण त्याची किंमत आपल्या महाराष्ट्राने मोजलेली आहे. मुंबईच्या पॅनकार्ड क्लब्ज या कंपनीने सुट्टीच्या मुक्कामाच्या, म्हणजे खोली-रात्रींच्या, योजना विकून लोकांकडून पैसे घेतले. मुक्काम केला नाही, तर मुदतीअखेर वाढीव रक्कम परत मिळेल, ही त्यांतली खरी गोडी होती. गावोगावच्या प्रतिनिधींनी नात्यागोत्यातल्या माणसांकडून पैसे गोळा केले. रोखे बाजारावर देखरेख करणाऱ्या 'सेबी' या संस्थेने हा हवापालट नसून नोंदणीशिवाय चालवलेली सामूहिक गुंतवणूक योजना आहे, असा निर्णय दिला. २०१४ साली नवे पैसे घेण्यास मनाई झाली, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये रक्कम परत करण्याचा आदेश निघाला. ती रक्कम सुमारे ७,०३५ कोटी रुपये होती आणि पैसे गुंतवणारे ५१ लाखांहून अधिक होते. आदेश निघाला म्हणजे पैसे हाती आले असे होत नाही; कित्येक कुटुंबांची मुलीच्या लग्नाची, म्हातारपणाची पुंजी त्यात अडकून पडली.

यावरून एक साधी कसोटी लक्षात ठेवावी. मुक्कामाची सदस्यता विकणारा मुक्कामाविषयी बोलतो. "तुम्ही गेला नाहीत तरी चालेल, पैसे वाढून परत मिळतील," असे जो म्हणतो, तो खोली विकीत नसून ठेवी गोळा करीत आहे. तेथून उठून यावे. चहाही पुरा करू नये.

कागदपत्रांविषयी थोडेसे. युरोपात २००८ सालच्या नियमाने अशा करारातून चौदा दिवसांत कारण न देता माघार घेता येते, आणि त्या मुदतीत विक्रेत्याला आगाऊ पैसेही घेता येत नाहीत. आपल्याकडे या व्यवसायापुरता असा स्वतंत्र कायदा नाही; म्हणून करारपत्रात माघारीची मुदत किती दिवसांची दिली आहे, ती कोणत्या दिवसापासून मोजावयाची आणि रक्कम पूर्ण परत मिळते की कापून, हे सहीपूर्वी वाचावे. वर्गणी किती वाढवता येईल यास काही कमाल मर्यादा आहे काय, हे पाहावे. हप्त्यांवर व्याज किती, ते विचारावे. आणि करारात जे लिहिले आहे तेवढेच कंपनीस बंधनकारक, अशा अर्थाचे कलम बहुधा शेवटी कोठेतरी असते. ते सापडले म्हणजे दालनात ऐकलेली सर्व आश्वासने आठवून ती कागदावर कोठे आहेत, याचा शोध घ्यावा. एवढे करूनही फसगत झालीच, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. कंपनी मुंबईस असो की चेन्नईस, तिकडे जावे लागत नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे. राष्ट्रीय ग्राहक साहाय्य केंद्राचा क्रमांक १९१५ असा आहे.

येथवर माझे भाषण संपावयास हरकत नव्हती. पंधरा दिवसांनी मुलगा जामनेरला आला, तेव्हा मी त्याच्यापुढे वही ठेवली, प्रत्येक रकाना समजावून सांगितला, आणि उत्तराखाली दोन रेघा ओढल्या. सदस्यता घेऊ नये. मुलाला पटले. सुनेला पटले. माझी पत्नी भाकरी थापता थापता ऐकत होती. तिने मान वर न करता विचारले, "तुमचे गणित बरोबर असेल. पण या चाळीस वर्षांत आपण कुठेच गेलो नाही, ते कोणत्या रकान्यात मांडले?"

मला उत्तर देता आले नाही. तिचे माहेर शेंदुर्णीचे. लग्नानंतर ती सासरी आली ती पाचोरा-जामनेरच्या लहान गाडीने, आणि दरवर्षी आखाजीला माहेरी गेली तीही त्याच गाडीने. तेवढाच तिचा प्रवास आणि तोच तिचा हवापालट. झोका बांधावयाचा, मैत्रिणींबरोबर गाणी म्हणावयाची आणि चार दिवसांनी परत यावयाचे. आईवडील गेले आणि माहेरची आखाजी थांबली. २०२० साली ती गाडीही बंद झाली. त्या सगळ्या वर्षांत मी सुट्टी लागली की हिशोब करीत असे, आणि हिशोबाचे उत्तर नेहमी "पुढच्या वर्षी पाहू" असेच येई. अंकगणिताचा उपयोग मी न जाण्याची सबब म्हणून केला, आणि ती सबब मला इतकी शोभत होती, की मलाही ती सबब वाटली नाही.

श्रोतेहो, त्या दालनातील विक्रेता माझ्या मुलाला जे विकत होता, त्याची त्याच्या घरास खरोखर गरज होती. पाच लाख गुंतले म्हणजे तरी आपण जाऊ, हाच त्या सहीमागचा मुलाचा खरा हेतू होता, हे मला तेव्हा कळले. गरज खरी असली की महाग माल खपतो. म्हणून सदस्यता घ्यावयाची नाही असे ज्यांचे ठरेल, त्यांचे काम तेवढ्याने संपत नाही. त्यांनी त्याच दिवशी दुसरी काही सोय केली पाहिजे; नाहीतर त्यांचा निर्णय माझ्या चाळीस वर्षांच्या निर्णयांसारखाच ठरेल.

आम्ही केलेली सोय साधी आहे. मुलाने बँकेत एक वर्षाची आवर्ती ठेव उघडली. महिना चार हजार रुपये. वर्षाअखेर व्याजासह पन्नास हजारांच्या घरात रक्कम झाली. ती दुसऱ्या कशासही वापरावयाची नाही, असे घरातल्या सर्वांपुढे ठरले. सुट्टीची तारीख चार महिने आधी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहावयाची, आणि ती लिहिण्याचा अधिकार माझा नसून माझ्या पत्नीचा, हेही ठरले.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही जळगावहून महाराष्ट्र एक्सप्रेसने पुण्यास गेलो आणि तेथून मुलाच्या मोटारीने सहाही जण गणपतीपुळ्यास गेलो. मुक्काम चार रात्रींचा झाला. सात काही जमले नाही, कारण मुलाला रजा तेवढीच मिळाली. ठेवीच्या रकमेत सर्व भागले. पहिल्या संध्याकाळी माझी पत्नी वाळूत उभी राहिली. समुद्र तिने त्यापूर्वी कधी पाहिला नव्हता. लाट पायांवर येऊन गेली तेव्हा तिने लुगड्याचा काठ वर धरला आणि नातीला म्हणाली, "थांब, अजून एक येऊ दे." मी जरा मागे उभा होतो. किती वाजले हे पाहण्याकरिता मनगट वर केले, आणि तसेच खाली सोडले.

आपल्या घरी असे आमंत्रण आले, तर त्या रात्री सही करू नका. वही काढा, मागच्या दहा वर्षांची हजेरी घ्या, हिस्सेदार किती ते विचारा, वर्गणी आणि व्याज दोन्ही मांडा. उत्तर "घ्यावी" असे आले तर निर्धास्त घ्या. "घेऊ नये" असे आले, तर वही मिटण्यापूर्वी दिनदर्शिकेवर एक तारीख लिहा.